पर्शिया जिंकला असता तर ‘युरोप’ उरला असता का?

समजा, कुणीतरी मोठ्या कष्टानं एक काल्पनिक जग रचलंय. त्या जगात इ.स.पू. ४८० साली सॅलॅमिसच्या चिंचोळ्या समुद्रात ग्रीकांचं आरमार बुडालं, पर्शियाचा, म्हणजे प्राचीन इराणचा, सम्राट झर्क्सिस जिंकला आणि पुढची अडीच हजार वर्षं वेगळ्याच वाटेनं गेली. भाषा वेगळ्या, देव वेगळे, राजधान्या वेगळ्या, नाणी वेगळी. एवढं सगळं नव्यानं घडवल्यावर नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘युरोप खंड’, आणि खाली टीप असते की या जगात सात खंड आहेत.

असे नकाशे पाहताना मला दर वेळी त्या एका शब्दापाशी अडखळायला होतं. राजे बदलले, युद्धांचे निकाल बदलले, मग खंड तेवढे जसेच्या तसे कसे राहिले? पर्यायी इतिहासाची आवड असणाऱ्या मंडळींमध्ये हा वाद वारंवार निघतो. कुणी सात खंड धरून बसतं, कुणी चार म्हणतं, कुणी प्रत्येक साम्राज्याची वेगळी यादी करतं. बाहेरून ऐकणाऱ्याला यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. इतिहास बदलला म्हणून जमीन थोडीच हलते!

जमीन हलत नाही, हे बरोबर. पण तिचे तुकडे किती आणि कुठून कुठपर्यंत, हे जमीन सांगत नाही. ते माणसं ठरवतात, आणि कुठे उभं राहून बघतात त्यावर ते ठरतं.

## पर्यायी इतिहास आणि ‘फाटा’

घडलेल्या इतिहासातली एखादी घटना बदलायची आणि पुढे काय झालं असतं याची सुसंगत मांडणी करायची, याला पर्यायी इतिहास म्हणतात. हा उद्योग जुना आहे. अलेक्झांडरनं पूर्वेऐवजी पश्चिमेला वळून रोमवर चाल केली असती तर, याचा विचार रोमन इतिहासकार लिव्ही यानं दोन हजार वर्षांपूर्वी सविस्तर करून ठेवलाय. ज्या घटनेपाशी आपला आणि तो काल्पनिक इतिहास वेगळे होतात, तिला आपण ‘फाटा’ म्हणू. रस्त्याला फाटा फुटतो तसा. फाट्याच्या अलीकडचं सगळं दोन्ही जगांत सारखं, पलीकडचं वेगळं.

एवढा एक शब्द हाताशी असला की पुष्कळ गुंता सुटतो. कुठल्याही खंडाबद्दल आधी विचारायचं, याचं नाव आणि याची सीमा फाट्याच्या अलीकडे ठरली की पलीकडे? अलीकडे ठरली असेल तर ती कल्पना त्या जगातही निदान कुणाच्या तरी डोक्यात असणार. पलीकडे ठरली असेल, तर ती तिथे का घडावी याचं नवं कारण द्यावं लागतं. युरोप आणि आशियामधली उरल पर्वताची सीमा १७३० सालची आहे. ‘अमेरिका’ हे नाव १५०७ सालचं. फाटा इ.स.पू. ४८० चा असेल तर या दोन्ही गोष्टी फुकट मिळत नाहीत.

## आपल्याच जगात एकमत कुठे आहे?

काल्पनिक जगाकडे जाण्याआधी आपलं जग तपासू. आपण शाळेत सात खंड शिकतो. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांत उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात, त्यामुळे यादी सहाची होते. रशियातही सहाच, पण वेगळे सहा: तिथे अमेरिका दोन आणि युरोप-आशिया मिळून एक ‘युरेशिया’. शिवाय रशियन भाषेत ‘जगाचे भाग’ अशी दुसरीही यादी आहे, तिच्यात युरोप आणि आशिया वेगळे आणि अमेरिका एक. दोन्ही याद्या एकाच शाळेत, आणि कुणाचा गोंधळ होत नाही, कारण दोन्हींना शब्दच वेगळे आहेत. ऑलिंपिकची पाच वर्तुळं पाच वस्ती असलेल्या खंडांची, अमेरिका एकच धरून.

फक्त पाण्यानं वेढलेली सलग जमीन मोजली, तर सगळ्यात मोठा तुकडा आफ्रिका-युरोप-आशियाचा, सुमारे साडेआठ कोटी चौरस किलोमीटर. मग दोन्ही अमेरिका मिळून सव्वाचार कोटी, अंटार्क्टिका सुमारे १ कोटी ४० लाख, ऑस्ट्रेलिया सुमारे ७७ लाख. त्यानंतर एकदम ग्रीनलँड, २१ लाख ६६ हजार. म्हणजे चार खंड. ऑस्ट्रेलिया खंड आणि ग्रीनलँड बेट, यामागेही कुठला नियम नाही. यादीत त्या दोघांमध्ये मोठी दरी आहे म्हणून रेघ तिथे मारली, इतकंच.

आपल्या शरीराकडे पाहिलं तर हे चटकन समजतं. हात कुठे संपतो आणि पंजा कुठे सुरू होतो, हे मनगटामुळे कळतं, कारण तिथे शरीर अरुंद झालंय. पण खांदा कुठे संपून पाठ कुठे सुरू होते? तिथे बोट ठेवून दाखवता येत नाही. सुएझ आणि पनामा ही मनगटं आहेत. अशा अरुंद जोडजमिनीला भूगोलात संयोगभूमी म्हणतात. सुएझची सुमारे सव्वाशे किलोमीटर रुंद आहे, पनामाची सर्वांत अरुंद जागी जेमतेम पन्नास. युरोप आणि आशियाचं नातं मात्र खांदा आणि पाठीचं. उत्तरेपासून कॅस्पियनपर्यंत हजारो किलोमीटर सलग जमीन, आणि मधे जो उरल पर्वत आहे त्याचं सर्वोच्च शिखर १९०० मीटरलाही पोचत नाही.

शब्दांतही हा पेच दिसतो. ‘कॉन्टिनेंट’ या शब्दाचं लॅटिन मूळ ‘जोडून असलेली, सलग जमीन’ असं सांगतं. आपला ‘खंड’ नेमकं उलट सांगतो: तुटलेला भाग. पावसात खंड पडतो तो हाच, आणि ‘अखंड’ म्हणजे न तुटलेला. एकाच गोष्टीकडे एका भाषेनं जोडाच्या बाजूनं पाहिलं आणि दुसरीनं तुकड्याच्या.

## पहिली रेघ कुणी ओढली?

एजियन समुद्रातल्या ग्रीक खलाशाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. उजवीकडे एक किनारा, डावीकडे दुसरा. उत्तरेकडे गेलं की डार्डेनेल्सची सामुद्रधुनी, पुढे बॉस्फरस, जो अरुंद जागी सातशे मीटरच आहे, आणि मग काळा समुद्र. दोन्ही किनारे कायम समोरासमोर. एकाला युरोप म्हणावं, दुसऱ्याला आशिया, हे त्या होडीत बसलेल्या माणसाला अगदी साहजिक होतं. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस शहरातल्या हेकाटायस या ग्रीक भूगोलकारानं इ.स.पू. ५०० च्या सुमारास जगाचं वर्णन केलं ते याच दोन भागांत. नाईलपलीकडचा दक्षिण किनारा ‘लिबिया’ म्हणून तिसरा भाग झाला. आज त्याला आपण आफ्रिका म्हणतो.

होडीतून दिसणारी ही रेघ किनाऱ्यावर उतरून आत चालायला लागलं की पुसट होते. काळ्या समुद्राच्या पलीकडे सीमा कुठे धरायची? कुणी फासिस नदी म्हणायचं, कुणी डॉन. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला तर हा सगळा प्रकारच खटकला होता. जमीन एक असताना तिला तीन नावं का, आणि तीही बायकांची का, हे मला कळत नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. नाईलला सीमा मानली तर इजिप्तचे दोन तुकडे होतात, ही त्याची तक्रार तर आजही खोडता येणार नाही. खंडांवरचा पहिला आक्षेप खंडांइतकाच जुना आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरीही रेघ टिकली. मध्ययुगातल्या ख्रिस्ती नकाशांत वर्तुळाकार जगाचे तीन भाग दिसतात, वर आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका, आणि प्रत्येक भाग नोहाच्या एकेका मुलाला वाटून दिलेला. आता सीमेला धर्माचा आधार मिळाला. पुढे १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत स्ट्राहलेनबर्ग नावाचा स्वीडिश अधिकारी रशियाच्या हाती सापडला. सैबेरियात कैदेत असताना त्यानं त्या मुलखाचा अभ्यास केला आणि १७३० साली छापलेल्या ग्रंथात सीमा उरल पर्वतावर नेली. रशियाचे राज्यकर्ते तेव्हा आपला देश युरोपीय म्हणून घडवण्याच्या खटपटीत होते. मॉस्को निर्विवाद युरोपात आणि सैबेरिया बाहेर, ही मांडणी त्यांच्या सोयीची होती. डोंगर लाखो वर्षं तिथेच होता, सीमा मात्र तिची गरज पडली तेव्हा आली.

## ज्यांनी जग वेगळं कापलं

ग्रीकांनी आखलेली रेघ ही अनेकांतली एक. प्राचीन इराणी परंपरेत जगाचे सात भाग होते, त्यांना पुढे ‘किश्वर’ म्हणू लागले. मधला भाग ख्वनिरथ, उरलेल्या सहांच्या एकत्रित आकाराएवढा, आणि सहा जण त्याच्या भोवती. अकराव्या शतकात अल् बिरुनीनं याची सुरेख आकृती दिली: सात सारखी वर्तुळं, मधे इराण, भोवती हिंद, चीन-तिबेट, तुर्कांचा मुलूख, रूम (बायझंटाईन साम्राज्य) आणि स्लाव, शाम-मिस्र (सीरिया-इजिप्त), अरब आणि हबश (इथिओपिया). यात समुद्राला काही किंमतच नाही. मुद्दा एवढाच की मध्यभागी कोण आणि शेजारी कोण.

ग्रीकांकडून अरबी भूगोलात गेलेली दुसरी एक पद्धत होती ‘इक्लीम’, म्हणजे अक्षवृत्तांना समांतर सात पट्टे, वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती लांबीचा यावरून ठरवलेले. सिसिलीचा राजा रॉजर यासाठी ११५४ साली अल् इद्रिसीनं जो नकाशा केला, त्यात सात पट्टे आणि प्रत्येकाचे दहा भाग, असे सत्तर तुकडे आहेत आणि दक्षिण वरच्या बाजूला आहे. या पद्धतीत भूमध्य समुद्राचा किनारा आणि चीनचा काही भाग एकाच पट्ट्यात येतात, कारण त्यांचं ऊन सारखं.

पुराणांतली ‘सप्तद्वीपा वसुंधरा’ तर आपल्या ओळखीची. मधे जंबुद्वीप, भोवती खारा समुद्र, त्याबाहेर प्लक्षद्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, अशी कड्याभोवती कडी, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. बौद्ध मांडणीत चार दिशांना चार द्वीपं. चीनमध्ये इ.स.पू. तिसऱ्या शतकात झोउ येन म्हणत होता की चीन म्हणजे जगाचा एक्याऐंशीवा भाग, नऊ मोठ्या खंडांचे नऊ-नऊ भाग. मध्यभागाचा हट्ट न धरणारी ही मांडणी मला विशेष आवडते. चिनी वाचकांना आपण ‘आशियात’ राहतो हे छापील नकाशावर समजलं ते मॅटेओ रिची या इटालियन धर्मोपदेशकाच्या नकाशातून. नावही ऐकून उतरवलेलं, युरोपीय उच्चारावरून.

जाता जाता: ‘द्वीप’ म्हणजे ‘दोन्हीकडे पाणी’. दोन नद्यांमधल्या प्रदेशाचा ‘दोआब’ही अर्थानं हाच शब्द. जमीन ओळखायची ती तिच्या कडेच्या पाण्यावरून, ही सवय किती जुनी आहे!

आता सुरुवातीच्या नकाशाकडे जाऊ.

## फाटा पहिला: झर्क्सिस जिंकतो

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हेकाटायसनं युरोप-आशियाची विभागणी मांडली ती सॅलॅमिसच्या आधी. म्हणजे आपल्या नियमानं ती फाट्याच्या अलीकडची, काल्पनिक जगातही अस्तित्वात असलेली. पण हेकाटायस कुणाचा प्रजाजन होता? मिलेटस तेव्हा पर्शियन साम्राज्यात होतं. इ.स.पू. ४९९ ला तिथल्या ग्रीकांनी बंड केलं, आणि ४९४ ला शहर उद्ध्वस्त झालं. पर्शिया जिंकलेल्या जगात ‘युरोप’ ही एका बंडखोर, हरलेल्या किनारपट्टीची कल्पना उरते. जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांना ती ठाऊक असेल. शाळेतल्या पोरांना नाही.

पर्शियन राज्यकर्त्यांच्या डोक्यात जग कसं होतं हे आपल्याला त्यांच्याच शिलालेखांतून कळतं. ते खंड मोजत नाहीत, लोक मोजतात. त्या याद्यांत ‘यौन’ आहेत, म्हणजे ग्रीक. आपला ‘यवन’ शब्द त्याचाच भाऊ. भूमीवरचे यौन, समुद्रापलीकडचे यौन, समुद्रापलीकडचे शक, स्कुद्र म्हणजे थ्रेसचा मुलूख. समुद्र त्यांना दिसतो, पण त्यामुळे जगाचे दोन तुकडे पडत नाहीत. एकच लोक अलीकडे आणि पलीकडे राहतात. झर्क्सिसचा बाप डरायस यानं बॉस्फरसवर होड्यांचा पूल बांधला होता, झर्क्सिसनं डार्डेनेल्सवर. ज्या पाण्यावरून फौजा चालत गेल्या, त्या पाण्याला जगाची कड मानण्याचं कारण नाही.

मग या जगाचे खंड कसे पडतील? माझा कौल किश्वरांना. मधे इराण, पश्चिमेला समुद्राच्या दोन्ही तीरांवरचा यौन-किश्वर, त्यात ग्रीस, आनातोलियाचा (आजच्या आशियाई तुर्कस्तानचा) किनारा, कदाचित दक्षिण इटलीसुद्धा. उत्तरेला गवताळ प्रदेशाचा शक-किश्वर, डॅन्यूबपासून मध्य आशियापर्यंत अखंड, कारण घोड्यावरच्या माणसाला मधे थांबवणारं तिथे काहीच नाही. अटलांटिककडचा दूरचा मुलूख एखाद्या अंधूक ‘पलीकडच्या’ भागात. आपण ज्याला युरोप म्हणतो तो यात तीन ठिकाणी विभागला जातो. आजच्या फारसीत ‘किश्वर’चा अर्थ नुसता ‘देश’ झालाय; त्या जगात तो शब्द खंडासाठी टिकून राहिला असता.

## फाटा दुसरा: विनलँड टिकतं

इ.स. १००० च्या सुमारास नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, दर्यावर्दी आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर पोचले होते. त्या बाजूच्या मुलखाला ते ‘विनलँड’ म्हणत. तिथल्या त्यांच्या वस्तीतलं लाकूड १०२१ साली तोडलेलं आहे, हे आता सिद्ध झालंय. आपल्या इतिहासात ती वस्ती उठली, आणि ग्रीनलँडमधलीही पंधराव्या शतकात संपली. समजा, ती टिकली.

आपल्याकडे अमेरिका वेगळा खंड ठरली ती तिच्या धक्क्यामुळे. कोलंबस आशियाच्या शोधात निघाला, मधे भलतंच काही लागलं, आणि १५०७ साली जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरच्या नकाशानं जाहीर केलं की हा जगाचा चौथा भाग आहे. अमेरिगो वेस्पुचीच्या नावावरून त्याचं स्त्रीलिंगी नाव केलं, कारण युरोप आणि आशियाही स्त्रियांचीच नावं होती. हेरोडोटसची तक्रार कुणी ऐकली नव्हती. ते नाव तेव्हा दक्षिणेकडच्या भागापुरतं होतं. १५३८ साली मर्केटर या नकाशाकारानं ते उत्तरेलाही लावलं.

नॉर्स माणसाला असा धक्का बसतच नाही. तो नॉर्वेहून फॅरो बेटांवर, तिथून आइसलँडला, ग्रीनलँडला, मग उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या हेलुलँड, मार्कलँड, विनलँड असा टप्प्याटप्प्यानं जातो. प्रत्येक मुक्काम आधीच्याचा शेजारी. एका मध्ययुगीन आइसलँडी भूगोलटिपणात तर म्हटलंय की विनलँड आफ्रिकेला जोडलेलं असावं असं काहींना वाटतं. या जगात ‘नवं जग’ ही कल्पना जन्मालाच येणार नाही. नॉर्वेपासून लॅब्राडोरपर्यंतची थंड समुद्राची कड हा एक खंड होईल आणि ग्रीनलँड त्याच्या मधोमध बसेल, आपल्या यादीत बेट म्हणून उरलेलं ग्रीनलँड. पुढे शेकडो वर्षांनी दक्षिणेत अँडीज दिसले, तर त्यांचा या थंड कडेशी संबंध आहे हे कुणाला का सुचावं?

## फाटा तिसरा: आरमार चालूच राहतं

चिनी आरमारप्रमुख झेंग हे याच्या सात सफरी १४०५ ते १४३३ दरम्यानच्या. त्याची जहाजं पूर्व आफ्रिकेपर्यंत गेली, आणि मग चीननं हा खर्च थांबवला. तो थांबला नसता तर?

पुष्कळ जण इथे नुसती नावं चिनी करतात आणि सीमा युरोपीयच ठेवतात. पण चिनी दर्यावर्दी जग समुद्रावरून मोजत. ‘पूर्व समुद्र’ आणि ‘पश्चिम समुद्र’ हे त्यांचे मोठे विभाग होते, आणि १६१७ सालच्या एका चिनी ग्रंथात ब्रुनेई ही त्या दोन्हींची हद्द सांगितलीय. पश्चिम समुद्र म्हणजे हिंदी महासागराचे सगळे किनारे, मग ते मलबारचे असोत, होर्मुझचे की मालिंदीचे. जोडणारी गोष्ट पाणी आणि मोसमी वारे. या जगात आफ्रिकेचा पूर्व किनारा हा अरबस्तान आणि दक्षिण भारतासोबत एका गटात पडेल, आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा तिसऱ्याच गटात. आपले खंड जमिनीचे आहेत. यांचे समुद्राचे असतील.

आणि पाहणारा पलीकडच्या किनाऱ्यावरचा असेल तर? दक्षिण अमेरिकेतले इंका लोक आपल्या राज्याला ‘तवांतिनसुयु’ म्हणत, म्हणजे एकत्र आलेले चार भाग. चारही कुस्को शहरात मिळायचे. असे लोक जहाजं घेऊन पूर्वेला आले असते, तर त्यांना नॉर्वेपासून आफ्रिकेच्या टोकापर्यंत एकच लांबलचक किनारा दिसला असता. मधे भूमध्य समुद्राचं चौदा किलोमीटरचं तोंड. आपण त्यांच्या दोन्ही जमिनींना मिळून एक नाव दिलं, त्यांनीही आपल्या तिन्ही खंडांना एकच दिलं असतं.

## ‘पण विज्ञानाचं उत्तर तर एकच असेल?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं बनलंय, त्यांना भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात, आणि ते अतिशय संथ गतीनं सरकतात. ही गोष्ट कुठल्याही इतिहासात खरीच राहणार. मग त्यांवरूनच खंड ठरवले तर?

तर आपली यादी पहिल्याच परीक्षेत नापास होते. युरोप आणि आशियाचा बराचसा भाग एकाच भूपट्टावर आहेत. भारत मात्र स्वतंत्र भूपट्टावर आहे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या भूपट्टावर येऊन आदळला. अरबस्तान वेगळा. सैबेरियाचं पूर्वेकडचं टोक उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर बसलंय. भूपट्टांवरून मोजलं तर भारत खंड ठरतो आणि युरोप ठरत नाही. शिवाय भूपट्टांचा सिद्धांत १९६० च्या दशकातला. यादी त्याआधी कितीतरी शतकं तयार होती.

खडकांवरून मोजणारे आणखी वेगळ्या ठिकाणी पोचतात. खंडाचं कवच जाड आणि हलक्या खडकाचं असतं, समुद्रतळाचं पातळ आणि जड. या कसोटीवर २०१७ साली काही भूशास्त्रज्ञांनी न्यूझीलंडभोवतीचा ४९ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘झीलँडिया’ नावाचा खंड आहे असं मांडलं. त्याचा ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे. विज्ञान उत्तर देतं, फक्त ते आपल्या प्रश्नाचं नसतं. आपण ‘हे लोक कुठले’ असं विचारत असतो आणि ते खडक कुठला ते सांगतं.

समुद्रही वाटतो तितका पक्का नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. बेरिंगची सामुद्रधुनी जेमतेम पन्नास मीटर खोल, त्यामुळे आशिया आणि अमेरिका जोडलेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी एक होते. उलट बाजूनं, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीपर्यंत उरलच्या पूर्वेला खरोखरचा समुद्र होता, तुर्गाईची सामुद्रधुनी. तो आटला नसता, तर युरोप हा नकाशावर सगळ्यांना मान्य होणारा खंड असता. ज्यांना आपल्या काल्पनिक जगात युरोप हवाच आहे, त्यांच्यासाठी हा प्रामाणिक मार्ग आहे: लढाई सोडा, समुद्र ठेवा.

गेल्या शतकात तर एका माणसानं हे उलट दिशेनं, गंभीरपणे सुचवलं होतं. जर्मन वास्तुविशारद हर्मन झोर्गेलची जिब्राल्टरला धरण बांधून भूमध्य समुद्राची पातळी खाली आणायची, युरोप आणि आफ्रिका जवळ आणायचे, अशी योजना होती. त्या जोडखंडाचं नावही ठरलं होतं, ‘अटलांट्रोपा’.

## ‘नावं बदलतील, तुकडे तेच राहतील’

संयोगभूमी असलेल्या ठिकाणी हे बऱ्याच अंशी खरं आहे. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाचा आकार इतका ठसठशीत आहे की समुद्रावर फिरणारा कुठलाही समाज ते वेगळे काढण्याची शक्यता मोठी. तरी आफ्रिकेतही सहारा हा समुद्राइतकाच मोठा अडथळा आहे. रोमनांसाठी ‘आफ्रिका’ हा सुरुवातीला कार्थेजच्या (आजच्या ट्युनिशियातल्या प्राचीन शहराच्या) आसपासचा एक प्रांत होता, आणि ‘आशिया’ आनातोलियाच्या पश्चिमेचा. भूमध्य समुद्राच्या चारही बाजू एका सत्तेखाली राहिल्या असत्या, तर तो समुद्र मधला आणि त्याचे काठ एक खंड, सहारापलीकडे दुसरा, ही वाटणी मला तरी जास्त शक्य वाटते.

आजही खंड कामापुरते सरकतात. फुटबॉलमध्ये कझाकस्तान २००२ पासून युरोपात खेळतो आणि ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात. दक्षिण अमेरिकेत असलेले गयाना आणि सुरिनाम उत्तर अमेरिकेच्या गटात आहेत.

## ‘मग वाचकाला समजणार कसं?’

ही अडचण खरी आहे. किश्वर, मार्कलँड, पश्चिम समुद्र असे शब्द पानोपानी आले तर वाचक वाट चुकतो. लेखकानं निवेदनात आपल्या ओळखीचे शब्द वापरायला माझी अजिबात हरकत नाही. कथा मराठीत सांगितली म्हणून त्या जगात मराठी असतेच असं नाही. पण पात्रांच्या तोंडी, त्यांच्या नकाशावर, त्यांच्या शाळेच्या फळ्यावर त्यांचेच खंड हवेत.

आणि यादी एकच नको. आपल्या जगात चार-पाच याद्या सुखानं नांदतात, त्यांच्या जगातही नांदतील. पर्शियन राजधानीतला कारकून करवसुलीसाठी लोकांच्या नावांची यादी लिहील, त्यात खंड नसतीलच. मंदिरातला गुरुजी सात किश्वर घोकून घेईल. डार्डेनेल्सच्या होडीवाल्याला मात्र दोन किनारे रोज समोरासमोर दिसत असतील, आणि आजीकडून ऐकलेले दोन जुने शब्द तो अजून वापरत असेल. त्याच्या तोंडून ‘युरोप’ ऐकायला मला आवडेल. अधिकाऱ्यानं त्याला अर्थ विचारावा, आणि त्यानं वल्ह्यानं पलीकडचा काठ दाखवावा.